हुतात्म्याचे दात

हुतात्मा सापडला, ही बातमी ऐकून सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती त्याच्या स्मारक समितीची.

समितीने त्याचं सगळं करून टाकलं होतं. चौकात पुतळा होता. शाळेला नाव होतं. पुतळ्याच्या पायाशी समाधी होती, रिकामी असली तरी रोज धुतली जाणारी. दर वर्षी तिथे भाषणं व्हायची आणि हुतात्मा स्वतः हजर नसल्यामुळे ती सुरळीत पार पडायची. आता वीस-बावीस वर्षांनी, जुन्या आघाडीच्या जागी नळासाठी चर खणताना मजुराची कुदळ एका बुटावर आपटली. बुटात पाय होता. पायाच्या वर बाकीचा सैनिक होता. गळ्यात बिल्ला होता, आणि बिल्ल्यावर वीरमातेच्या एकुलत्या एका मुलाचं नाव होतं.

सैनिक नोंदणी कचेरीत तपासनिसाचा फोन वाजला.

"किती वेळ लागेल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"बघून सांगतो."

"बघायचंय काय त्यात? बिल्ला आहे, आई आहे. जायचं, कुटुंबाची माहिती पडताळायची, हाडं द्यायची, परत यायचं. पुढच्या आठवड्यात मंत्री येतायत समाधीवर फुलं वाहायला. तोवर ती भरलेली असली तर बरं दिसेल."

तपासनिसाला कचेरीत गोचीड म्हणत. हे कौतुकाने म्हणतात, अशी त्याच्या बायकोने त्याची समजूत घातली होती. मेलेल्या सैनिकांची माणसं शोधणं हे त्याचं काम, आणि एकदा चिकटला की तो सुटत नसे.

तो आधी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"वय?"

"सतरा-अठरा. उंची बेताची. स्फोटात गेला. लगेच गेला असावा."

"असावा?"

"नातेवाइकांना तसंच सांगतो आम्ही."

टेबलावर हाडं क्रमाने मांडलेली होती. डॉक्टरीणबाईंनी कवटी उचलली आणि दिव्याकडे वळवली. "हे बघा. वरचे पुढचे दात. कडेला अर्धगोल खाच आहे. तुटून झालेली नाही, झिजून झालेली आहे. रोज काहीतरी बारीक, कडक दातांत धरायचा हा. पोरवयापासून."

"काय?"

"ते तुमचं काम. मी हाडं बघते."

तपासनिसाने बूट उचलले. "पलटणीचे बूट पोटरीपर्यंत येतात. हे घोट्यापाशीच संपतायत."

"वरचा भाग कापलाय. सरळ, सराईत हाताने. तो कुठे गेला तेही सांगते." बाईंनी एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "छातीशी होता."

डब्यात जोडे होते. तळहातावर मावतील एवढे, चार-पाच वर्षांच्या मुलाचे. चामडं पलटणीच्या बुटांचंच. तळ उलटून पाहिला, तर कोरा. एक ओरखडा नाही.

"डावा जोडा उजव्यापेक्षा रुंद आहे," तपासनीस म्हणाला. "बाहेरच्या अंगाला फुगवलाय."

"माप चुकलं असेल."

"टाके बघा बाई. असे टाके घालणाऱ्याचं माप चुकत नाही."

बाईंनी टाके पाहिले. मग हुतात्म्याच्या घोट्याची हाडं पाहिली. "आघाडीवर बर्फ असायचा," त्या एवढंच म्हणाल्या.

*

वीरमातेचं घर सरकारने दिलेलं होतं. हुतात्म्याच्या कुटुंबाला घर आणि दुकान, असा लढाईनंतरचा कायदा. खाली जोड्यांचं दुकान, वर राहतं घर. जिन्यावर पंचविशीतली एक मुलगी ओणवी होऊन पायऱ्या पुसत होती. तिच्या डाव्या सपातेची बाहेरची कड चिरून मोकळी केलेली होती. तपासनीस बाजूने वर गेला. तिने मान वर केली नाही. ती सवय मोडलेली दिसत होती.

वर त्याचं स्वागत भाच्याने केलं. वीरमातेचा हा भाचा चाळिशीचा, गोरटेला, पोट सुटलेला, आणि स्मारक समितीचा तहहयात अध्यक्ष. हसला की मोत्यांसारखे दात दिसत. ते दिसावेत अशी व्यवस्था तो वारंवार करी.

"तुमचं नातं काय?" तपासनिसाने वही न काढता विचारलं. वही काढली की लोक विचार करून बोलतात.

"मी आईंचा भाचा. म्हणजे त्या माझ्या मावशी. पण सगळं गाव आई म्हणतं, तर मी एकट्याने मावशी म्हणणं बरं दिसत नाही."

"गाव कधीपासून आई म्हणायला लागलं?"

"पहिल्या पुण्यतिथीपासून. मीच भाषणात तसं आवाहन केलं होतं."

"हुतात्म्याचा फोटो?"

"एकही नाही. आमचं जुनं गाव बॉम्बमध्ये जळलं. माणसं पांगली, ओळखीचं कोणी उरलं नाही. हे नवं गाव."

"मग पुतळा कशावरून केला?"

"माझ्यावरून." भाच्याने हनुवटी किंचित उचलली. "रक्ताचं साम्य. शिल्पकारासमोर रोज ताटकळत बसायचो. पाठ धरली होती."

"हुतात्म्यासाठी बरंच सोसलंत."

"सोसावं लागतं."

"कसा होता तो?"

हा प्रश्न भाच्याला कोणीही, कधीही, झोपेतून उठवून विचारावा. त्याचा आवाज चौकातल्या व्यासपीठावर चढला. "काय सांगू तुम्हाला. राजबिंडा. घरात जोड्यांचा कारखाना, पण पठ्ठ्याने कधी हत्याराला हात लावला नाही. चामड्याचा वास आला तरी डोकं दुखायचं. काका, म्हणजे त्याचे वडील, म्हणायचे, हा कारागिराच्या पाटावर बसायला जन्मलेला नाही. एक खिळा ठोकू दिला नाही त्याला. कविता करायचा. बोटं बघाल तर वाद्य वाजवणाऱ्याची."

"दोष काही?"

भाच्याने मनापासून आठवून पाहिलं. "नाही."

"तुम्ही जवळून पाहिलेलं दिसतंय."

"छे. मी माझ्या गावी. इथे लढाईनंतर आलो, आई एकट्या पडल्या म्हणून. हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकलंय."

"लढाईत होतात?"

"छाती अधू. खोकला." त्याने पुरावा म्हणून एकदा खोकून दाखवलं.

"मग कारखान्यात राबायचं कोण?"

"काका. ते लढाईच्या आदल्या वर्षी वारले. आणि एक अनाथ पोरगा होता, खिळ्या म्हणायचे त्याला. लढाईची बोलावणी आली, घरटी एक माणूस, तसा तो पळाला. पाठची बहीण घरातच टाकून. तीच ती, जिना पुसतेय. आईंचं काळीज मोठं म्हणून सांभाळली."

*

वीरमाता खिडकीशी उंच खुर्चीत बसली होती. सत्तरीची, ताठ, कपडे पांढरेशुभ्र. कधी रडायचं आणि कधी डोळ्यांत नुसतं पाणी येऊ द्यायचं, हे तिला सरावाने उत्तम जमत होतं. तपासनीस बसेपर्यंत तिने नुसतं पाणी येऊ दिलं.

"आई, त्रास देतोय. घरची माणसं किती, एवढं सांगा."

"कसली माणसं, साहेब? आईबापांना मी एकटी. ना भाऊ, ना बहीण. देवाने पदरात एकच पोर घातलं, ते देशाला दिलं. एकटेपणच लिहिलंय माझ्या कपाळी." हे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. येताना त्याने वाचलं होतं.

त्याने डबा उघडून जोडे तिच्या पुढ्यात ठेवले.

"ओळखता?"

एका क्षणासाठी वीरमातेचा चेहरा कुलूप लावल्यासारखा झाला. मग तिने जोडे उचलले आणि छातीशी धरले.

"माझ्या बाळाचे. यात पहिलं पाऊल टाकलं त्याने. मी स्वतः घालायची. आईची आठवण म्हणून नेले असतील हो बरोबर."

"बरेच दिवस वापरले असतील?"

"पायाला होईनात तोवर. दिवसभर हुंदडायचा अंगणात."

जिन्यावरची मुलगी चहा घेऊन आली होती. तिची नजर जोड्यांवर पडली आणि तिथेच राहिली. चहा बशीत सांडला.

"ठेव आणि चालती हो," वीरमाता म्हणाली. "पळपुट्याचं बियाणं. डोळे कुठे ठेवावेत तेही कळत नाही." ती गेल्यावर आवाज पुन्हा मऊ झाला. "लहानपणापासून पोसली, साहेब. पण आता या घराचं संग्रहालय होणार. पळपुट्याची बहीण तिथे बरी दिसत नाही. मंत्री येऊन गेले की जाईल."

"कुठे?"

"ते तिने बघायचं."

*

खाली दुकानाच्या मागच्या बाजूला एकच कारागीर काम करत होता. मांडीवर बूट उलटा धरून तो टाचेला खिळे मारत होता.

"हे दुकान कोण बघतं?" तपासनिसाने विचारलं.

"हं," कारागीर म्हणाला.

"भाचेसाहेब कधी पाटावर बसतात का?"

"हं हं." हे नकारार्थी होतं. त्याने तोंडातून खिळे काढून तळहातावर घेतले आणि हसला. "माफ करा. दोन हात कामात, तर खिळे ठेवायला तिसरी जागा तोंडच. ते बसतात होय? ते गल्ल्यावर बसतात. चामड्याच्या वासाने त्यांचं डोकं दुखतं."

तपासनीस त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. कारागिराला वाटलं, काही लागलंय. त्याने बाहीने तोंड पुसलं.

*

मागच्या अंगणात ती मुलगी कपडे आपटत होती. सपाता काढून बाजूला ठेवल्या होत्या. तपासनीस उलट्या बादलीवर बसला.

"तुझा भाऊ पळाला, तेव्हा तू केवढी होतीस?"

"तीन-चार वर्षांची."

"पळाला हे कोणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. दवाखान्यात आयाच्या कामाला गेले, तर त्यांनीही मलाच सांगितलं. पळपुट्याच्या बहिणीच्या हाती माणसं द्यायची नाहीत म्हणे." तिने चादर पिळली, जरा जास्तच. "एक स्थळ आलं होतं. त्यांनाही कोणीतरी सांगितलं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? पळाला असेल तर पळाला. पण मला टाकून पळाला का, एवढं कोणी सांगत नाही."

"काही आठवतं त्याचं?"

"तोंड नाही आठवत. बोलायचा नाही. मी काही विचारलं की हं म्हणायचा. कारखान्यात तोंडात खिळे, म्हणून." ती थांबली. "आणि एकदा पाय धरून कोळशाने जमिनीवर रेघ मारली होती पायाभोवती. गुदगुल्या झाल्या. त्याने सगळी बोटं मोजली आणि हसला."

तपासनिसाने खाली पाहिलं. ओल्या फरशीवर तिचा डावा पाय होता. करंगळीच्या पलीकडे आणखी एक बोट होतं, चुकून राहून गेल्यासारखं.

"आईबाप?"

"मेले म्हणतात. कोण होते, कुठले होते, ते आईसाहेबांना ठाऊक. मला आई म्हणायची परवानगी नाही, आईसाहेब म्हणते. विचारलं की म्हणतात, पळपुट्याला कुळ नसतं."

"पुढच्या आठवड्यात कुठे जाशील?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कीव करणारी माणसं तिच्या सवयीची नव्हती आणि हा कीव करत नाही, हे तिला कळलं असावं.

"साहेब, माझा भाऊ कुठे मेला, जगला, एवढं लागेल का तुमच्या कचेरीत?"

"बघून सांगतो," तपासनीस म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरमातेच्या दिवाणखान्यात सगळे जमले. नगराध्यक्ष होते, कारण हाडं स्वीकारताना फोटो निघणार होता. डॉक्टरीणबाई होत्या. भाचा नवा कोट घालून होता. मुलगी दाराशी उभी होती. तिला तपासनिसाने मुद्दाम बोलावलं होतं, आणि वीरमातेला ते आवडलेलं नव्हतं.

"सुरू करायचं?" नगराध्यक्षांनी केसांवरून हात फिरवला.

"हाडं तुम्हाला मिळणार नाहीत," तपासनीस वीरमातेला म्हणाला. "तुमचा मुलगा मेलेला नाही."

नगराध्यक्षांचा हात डोक्यावरच राहिला.

"भाचेसाहेब, हुतात्मा कधी पाटावर बसला नाही, एक खिळा ठोकला नाही, असं तुम्ही सांगितलंत. बरोबर?"

"दर वर्षी सांगतो."

"ऐकलं कोणीच नाही. टाळ्याच वाजवल्या. या सैनिकाच्या दातांना खाच आहे. वर्षानुवर्षं खिळे दातांत धरल्यावर पडते तशी. तुमच्या खालच्या कारागिराला आहे. पलटणीचे बूट कापून त्याने हे जोडे शिवले, आणि असे टाके कविता करून येत नाहीत. हा कारखान्यात राबणारा पोरगा होता. त्या घरात राबणारा पोरगा एकच. खिळ्या."

दाराशी काहीतरी हललं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"एका खाचेवरून?" भाचा हसला. दात दिसले. "असेल बसला कधी पाटावर. चोरून."

"हे काल म्हणाला असतात तर मी अडकलो असतो. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर म्हणालाही असतात. पण त्या माणसाची स्तुती करताना तुम्हाला खोटं बोलवत नाही." त्याने जोडे पुढे केले. "आई, हे तुमच्या बाळाने अंगणात हुंदडून वापरले म्हणालात. तळ बघा. जमीन लागलेली नाही. चामडं पलटणीचं, म्हणजे तुमचं बाळ तान्हं असताना ते कापलेलंच नव्हतं. आणि डावा जोडा बाहेरून रुंद आहे. सहा बोटांच्या पायासाठी. ज्याने तो पाय कोळशाने आखला होता, त्यानेच ते आठवून शिवलं."

आता सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मुलीने डावा पाय उजव्याच्या मागे घेतला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा पुढे ठेवला.

"समजा, असेल तो खिळ्या," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांना मंत्री दिसत होते. "गळ्यातला बिल्ला अदलाबदल झाला असेल. लढाईत काय काय होतं."

"होतं. पण मग आईंनी जोडे बघून खोटं का सांगितलं? ज्या आईचं पोर दुसरीकडे कुठे मेलंय, ती परक्याचे जोडे छातीशी धरत नाही. ती विचारते, माझा कुठाय? यांनी विचारलं नाही. यांना ठाऊक होतं, तो खालच्या गल्ल्यावर बसतो."

भाचा उठून उभा राहिला.

"बसा. मावशी म्हणता ना यांना? आई, तुम्ही काल म्हणालात, आईबापांना मी एकटी, ना भाऊ ना बहीण. शाळेच्या भिंतीवरही तेच आहे. बहीण नाही, भाऊ नाही. मग भाचा कुठून आला?"

"चुलत बहिणीचा," भाचा म्हणाला.

"मानलेल्या बहिणीचा," वीरमाता त्याच वेळी म्हणाली.

नगराध्यक्षांनी खिडकीतून चौकाकडे पाहिलं. पुतळ्याकडे, मग भाच्याकडे, मग पुन्हा पुतळ्याकडे. वीस वर्षं ते त्या चेहऱ्याला हार घालत होते आणि त्याच चेहऱ्याच्या हातचा चहा पीत होते.

"मला कोणी विचारलं होतं?" भाचा एकदम म्हणाला. आवाज पोराचा झाला होता. "हिनेच ठरवलं सगळं. मी माळ्यावर होतो लढाईभर. ही जे सांगेल ते केलं. हिला विचारा."

वीरमातेने मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपण काय वाचवलं, हे ती बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होती. मग तिने पाठ खुर्चीला टेकली. डोळ्यांत आलेलं पाणी तिने परत पाठवलं. आता त्याचा उपयोग नव्हता.

"घरटी एक माणूस मागितला होता सरकारने," ती म्हणाली. "कोणाच्या पोटचा, ते विचारलं नव्हतं."

"खिळ्याला काय सांगितलंत?"

"नाव माझ्या मुलाचं लावून जा. गेलास तर बहीण घरात वाढेल. नाही गेलास तर दोघं रस्त्यावर."

"वाढवलीत?"

"जगवली."

"खिळ्या मेल्यावर तरी तो पळाला असं का सांगत राहिलात?"

"जुन्या गावाला घरातून एक पोर कमी झालेलं दिसलं, नव्या गावात ही पोर विचारणार होती. त्याचं काहीतरी सांगायला लागलंच असतं. पळाला म्हटलं की पुढे कोणी शोधत नाही. मेला म्हटलं तर कुठे, कसा, हे आलं." ती हे भाजी निवडावी तसं सांगत होती.

"एकच गोष्ट मला कळली नाही," तपासनीस म्हणाला. "जोडे पुरे झाले होते. मग त्याने ते पाठवले का नाहीत?"

"आणले होते."

"कोणी?"

"त्यानेच. सुट्टी मिळाली होती. मागच्या दाराने आला, पोटऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. म्हणाला, तिच्या पायात घालून लगेच जातो." वीरमातेने पदर नीट केला. "पोरीच्या पायात नवे जोडे दिसले असते, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं असतं, कोणी दिले. म्हटलं घेऊन जा. लढाई संपली की ये."

"आणि मी?" मुलगी दारातून म्हणाली. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिने विचारलेला हा पहिलाच प्रश्न असेल. "मी कुठे होते?"

"कोळशाच्या खोलीत. तोंडात बोळा घालून. त्याचा आवाज ऐकून ओरडायला लागली होतीस."

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं. हाडं बघायची सवय असलेल्या बाईला हे ऐकवलं नाही.

तपासनिसाने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. खोट्या नावाने सरकारी घर लाटलंत, त्याचं आधी बघू."

"थांबा," वीरमाता म्हणाली. ती मुलीकडे वळली आणि तिचा आवाज पुन्हा शाळेच्या भिंतीवरचा झाला. "तुझे आईबाप कोण, ते मला एकटीला ठाऊक आहे. तुझी आई मेलेली नाही. तुम्हाला न्यायला आली होती. मी परत पाठवली. कुठे असते ते सांगेन. साहेबांना म्हण, याला जाऊ द्या."

तपासनीस मुलीकडे बघत होता.

"सोडा त्याला," ती म्हणाली.

"पोरी, कायदा..." नगराध्यक्ष म्हणाले.

"सोडा म्हणते ना."

तपासनिसाने हात काढला आणि बाजूला झाला.

भाचा क्षणभर बावरला. मग तो निघाला. आधी चालत, मग धावत, मागच्या जिन्याने. आईकडे त्याने वळून पाहिलं नाही. पायऱ्यांवर त्याची धडधड ऐकू आली, मग अंगणात बादली उलटल्याचा आवाज, मग हवालदाराचा आवाज, मग काहीच नाही. तपासनीस आयुष्यभर असल्याच माणसांच्या मागे होता. मागच्या दाराला माणूस न ठेवता तो कोणाच्या घरात शिरत नसे.

वीरमाता दाराकडे बघत राहिली. पकडला गेला याचं तिला वाटलं की वळून पाहिलं नाही याचं, हे सांगता आलं नसतं.

"सांगा," मुलगी म्हणाली. ती खुर्चीच्या अगदी जवळ आली होती. "कुठे आहे ती?"

वीरमातेने तिच्याकडे पाहिलं, आणि आता तिच्याकडे राखायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती खरं बोलली.

"मला काय ठाऊक? बाजाराच्या कडेला बसला होतात दोघं. मला जोड्याचा सोल शिवता येतो, असं तो म्हणाला, म्हणून आणलं. तुम्ही कोणाचे, ते कधी विचारलंच नाही."

मुलीचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता मारते. तिने तो हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली, तोल सावरल्यासारखी.

नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "मी काय म्हणतो, मंत्र्यांचा कार्यक्रम रद्द करायची गरज नाही. हुतात्मा तोच आहे, फक्त कुटुंब बदललं. पुतळ्याचं तेवढं डोकं..."

"बाहेर जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते गेले. कोणीतरी स्पष्ट सांगितलं की ते ऐकत असत, हा त्यांचा एक गुण होता.

तपासनिसाने आता वही काढली. ज्या कामासाठी त्याला पाठवलं होतं, ते अजून बाकी होतं. तो मुलीसमोर उभा राहिला, कचेरीत मोठ्या घरच्या माणसांसमोर उभा राहायचा तसा.

"सैनिकाच्या कुटुंबाची माहिती लिहून न्यायची आहे, ताई. आईवडील, माहीत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"भावंडं?"

हा प्रश्न तिला आजवर शिवी म्हणूनच विचारला गेला होता.

"एक बहीण आहे," ती म्हणाली. "लिहा. जिवंत आहे."